फाईल तिच्या हातात द्या

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते. परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायला निघालेल्या माणसांची ही नेहमीची गाडी. आता मिरजेत, बार्शीत आणि खुद्द कोल्हापुरातही कर्करोगावर उपचार होतात, त्यामुळे सगळ्यांनाच परळ गाठावे लागत नाही. पण प्रवास मुंबईचा असो की राधानगरीहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंतचा, अनेक घरांत एक गोष्ट सारखीच घडते. रिपोर्टांची फाईल मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या पिशवीत असते. जिच्या पोटातल्या गाठीबद्दल त्या फाईलमध्ये लिहिलेले असते, ती बाई मात्र शेजारी बसून विचारत राहते, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि उत्तर मिळते, "काही नाही, साधी गाठ आहे." या उत्तरामागे माया असते, यात शंका नाही. पण अंडाशयाच्या कर्करोगात ही माया बाईची भीती कमी करत नाही, वाढवते, असे माझे स्पष्ट मत आहे. या आजारातली अनिश्चितता कोणालाही पुसून टाकता येत नाही. ती सोसण्याजोगी करता येते, आणि त्याची पहिली अट म्हणजे जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक नाही, ते दोन्ही त्या बाईला खरेखरे सांगणे.

हा आजार इतका घोर लावतो, याला कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ३३ हजार जणी त्याने दगावल्या. आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. अंडाशय बदामाएवढे आणि ओटीपोटात खोल. त्यावरची गाठ हाताला लागत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. शिवाय या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची सुरुवात पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर बीजवाहिनीच्या टोकाशी होते आणि तिथल्या पेशी पोटाच्या पोकळीत सहज पसरतात. म्हणून बहुसंख्य स्त्रियांचा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात कळतो. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की आजार अंडाशयापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून अधिक जणी हयात असतात आणि दूरवर पसरल्यावर सापडला तर जेमतेम तीस-बत्तीस. हे आकडे आज कोणाच्याही मोबाईलवर क्षणात दिसतात. घरचे लपवतात ते नातवाचा फोन सांगून टाकतो, तोही अर्धवट आणि मायेच्या एका शब्दाशिवाय.

निदान झाले की भीतीच्या जोडीला अपराधीपणा येतो. "आधी का नाही दाखवलंस?" हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात आणि बाई स्वतःला तर रोज रात्री विचारते. याचे उत्तर विज्ञानाकडे आहे. महाराष्ट्रातच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिसले की एचपीव्ही या विषाणूच्या एका तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये असाच प्रयत्न अंडाशयाच्या कर्करोगासाठी झाला. कोणताही त्रास नसलेल्या, ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. काहींची दरवर्षी रक्ततपासणी झाली, काहींची सोनोग्राफी, काहींची यांपैकी काहीच नाही. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष निराश करणारा होता. रक्ततपासणीने काहींचा आजार आधीच्या टप्प्यात सापडला, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्या सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते आणि अंडाशयाची होत नाही, ती याचमुळे. जगातल्या उत्तम यंत्रणेला दरवर्षी तपासूनही जे साधले नाही, ते चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या एखाद्या शेतकरी बाईने साधायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. निदान झाल्या दिवशीच डॉक्टरांनी तिला सांगावे, "यात तुमची चूक नाही."

यावर कोणी म्हणेल, असे सांगितले तर बायका दुखणे आणखी अंगावर काढतील. हा धोका खरा आहे, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. लक्षणे नसताना केलेली तपासणी जीव वाचवते असे दिसलेले नाही, पण लक्षणे दिसू लागल्यावर दुर्लक्ष करणे वेगळे. पोट सतत डब्ब राहणे, दोन घास खाल्ले की पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार किंवा घाईने होणे, ही लक्षणे नव्याने सुरू झाली असतील आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस टिकत असतील, तर 'गॅस धरलाय' म्हणून ओवा खाऊन थांबू नये. पिशवी काढलेल्या बाईनेही थांबू नये, कारण गर्भपिशवी काढली तरी अंडाशये पुष्कळदा तशीच ठेवलेली असतात. आणि घरात आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर हा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगावा. बीआरसीए या जनुकांतला दोष घराण्यात चालत येतो आणि तो असणाऱ्या स्त्रीचा धोका इतरांच्या अनेक पट असतो. तिच्यासाठी आधीच काही करता येते. जागरूकता म्हणजे मागच्या दिवसांबद्दल बाईला दोष देणे नव्हे, पुढच्या पावलाची दिशा दाखवणे.

गाठ दिसली की पहिली अनिश्चितता सुरू होते आणि इथेच अर्धवट माहिती सर्वांत जास्त छळते. सोनोग्राफीत गाठ, पोटात पाणी, रक्तात सीए-१२५ वाढलेले, एवढ्यावर घरात रडारड सुरू होते. सीए-१२५ च्या रक्ततपासणीत ३५ पर्यंतचा आकडा सामान्य मानतात. पण तो एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये वाढतो, पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. आपल्या देशात तर पोटाचा क्षयरोग हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखा दिसू शकतो. तसेच पाणी, तशाच गाठी, तसाच चढलेला आकडा. आणि क्षयरोग औषधाने बरा होतो. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात हा आकडा सामान्यही असू शकतो. पेशींची किंवा मांसाच्या तुकड्याची तपासणी होईपर्यंत निश्चित काही म्हणता येत नाही. हे बाईला सांगायचे तर पाच वाक्ये पुरतात. कोणत्या शक्यता आहेत, कोणती तपासणी त्या वेगळ्या करील, अहवाल कधी येईल, तोवर काय करायचे आणि त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा. 'बघू या' या दोन शब्दांनी जीव टांगणीला लागतो. 'पुढच्या गुरुवारी अहवाल येईल, तेव्हा बसून बोलू' या वाक्याने आजार तोच राहतो, पण भीतीला तारीख मिळते. तारीख असलेली भीती माणूस सोसू शकतो.

दुसरी अनिश्चितता उपचार संपल्यावर येते आणि तिच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची साधारण सहा केमो झाली, केस पुन्हा उगवू लागले, नातेवाईक म्हणाले, "सुटलीस बाई." पण हा आजार पुढे गेलेल्या टप्प्यात सापडला असेल, तर पहिल्या उपचाराला चांगला प्रतिसाद मिळूनही बहुतेकींमध्ये तो काही काळाने परततो. दर तीन महिन्यांच्या तपासणीआधी झोप उडते, त्याचे कारण हे आहे, बाईचा भित्रेपणा नव्हे. या टप्प्यावर आणखी आकडे, आणखी तपासण्या हव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, सीए-१२५ वाढताच केमो सुरू केलेल्या आणि लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रियांची तुलना झाली. लवकर सुरू केलेल्या जास्त जगल्या नाहीत. उलट त्यांचा जगण्याचा दर्जा आधी खालावला. आज परतलेल्या आजारावर काही जणींची पुन्हा शस्त्रक्रिया होऊ शकते, म्हणून तपासणी किती आणि कधी करायची हे प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण आकडा जितक्या वेळा पाहू तितकी खात्री वाढते, हा समज सोडला पाहिजे. पुष्कळदा वाढते ती फक्त धाकधूक.

आकड्यांची आणखी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्या वेळच्या माहितीनुसार निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक होता आठ महिने. गूल्ड यांनी त्याचा अर्थ लावला. अर्धे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, म्हणजेच अर्धे त्याहून जास्त जगतात, आणि त्यांतले काही खूपच जास्त. ते पुढे वीस वर्षे जगले. प्रत्येकाच्या वाट्याला असे येत नाही, पण मध्यक म्हणजे कोणा एकीच्या आयुष्याची मुदत नव्हे, एवढे यातून कळते. शिवाय आज हाती असलेले आकडे काल उपचार झालेल्या स्त्रियांचे असतात. बीआरसीए दोष असलेल्या आणि पुढच्या टप्प्यातला आजार केमोने आटोक्यात आलेल्या स्त्रियांना ओलापॅरिब हे औषध दिले गेले, तेव्हा सात वर्षांनी शंभरातल्या ६७ जणी हयात होत्या. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण साडेसेहेचाळीस होते. मराठी चित्रपट-मालिकांत मोठे काम करणाऱ्या स्मिता तळवलकर याच आजाराने ६ ऑगस्ट २०१४ रोजी गेल्या. मनीषा कोईराला यांना हाच आजार २०१२ मध्ये झाला, त्या उपचारांनंतर पुन्हा कामाला लागल्या आणि त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. यांतल्या कोणाचीही गोष्ट तिसऱ्या बाईचे भविष्य नाही. "तिचं असं झालं, मग तुझंही तसंच होणार", हे वाक्य आशेने म्हटले तरी चूक आणि भीतीने म्हटले तरी चूक.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. "तिला कळलं तर ती हाय खाईल." प्रत्येक घर हे अगदी मनापासून म्हणते, म्हणून त्याला हसण्यावारी नेता येत नाही. निदान ऐकून माणूस हबकतो, काही दिवस जेवण जात नाही, हे खरेच आहे. पण पर्याय काय आहे, ते पाहा. कर्करोग विभागाची पाटी बाई वाचते. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलते. केस गळतात. मुलगा कोपऱ्यात जाऊन फोनवर दबक्या आवाजात बोलतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकलेली राहतच नाही. मग घरात दोन नाटके एकाच वेळी चालतात. घरचे आपल्याला काही ठाऊक नाही असे दाखवतात आणि तीही. दोघांची भीती तीच, पण दोघेही एकटे. मन मोकळे करायला जी माणसे हवीत, त्यांच्याशीच बोलता येत नाही. आणि बोलायचे पुष्कळ असते. गोठ्यातल्या म्हशींचे कोण बघणार, बचत गटाचा हप्ता, लेकीचे लग्न, जमिनीचे कागद. हे निर्णय तिच्या हातून काढून घेतले तर आजाराने जे नेले नाही ते आपणच नेतो. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला २०१० चा अभ्यास इथे मोलाचा आहे. ज्यांना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास आणि मनाची काळजी घेणारे, मोकळेपणाने बोलणारे पथक मिळाले, त्यांच्यात नैराश्य कमी होते, दिवस बरे गेले आणि ते सरासरीने काहीसे जास्तही जगले. आजार वेगळा आहे, देश वेगळा आहे. तरी आजाराविषयी मोकळे बोलणे म्हणजे रुग्णाला लवकर मारणे, या समजुतीला त्यातून धक्का बसतो.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. आपल्याकडे निर्णय कुटुंब घेते, एकट्या माणसाचा हट्ट पाश्चात्त्यांचा, असे म्हटले जाते. कुटुंब ही आपली ताकद आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. रुग्णालयाच्या दाराशी रात्रभर बसणारे दीर, डबा पोचवणारी भावजय, ही सोय पैशाने मिळत नाही. पण बाईला वगळून झालेला निर्णय कुटुंबाचा कसा? तीही त्या कुटुंबातलीच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात हाच प्रश्न निकाली काढला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशये तिच्या आईची संमती घेऊन काढली गेली होती. न्यायालयाने सांगितले की जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या जागी आईची संमती चालणार नाही. म्हणजे फाईल तिच्या हातात देणे ही पाश्चात्त्य चूष नाही, या देशाचा कायदा तेच सांगतो. मात्र खरे सांगणे म्हणजे सगळे एकदम अंगावर ओतणे नव्हे. काही बायका स्वतःच म्हणतात, "मला नका सांगू, माझ्या मोठ्या मुलाला सांगा." तोही तिचाच निर्णय, आणि तो पाळला पाहिजे. फक्त आधी तिला विचारायला हवे, "ताई, तुम्हाला किती सांगू? कोणाला बरोबर बसवू?" एवढ्या एका प्रश्नात कायदा आणि माया दोन्ही सांभाळले जातात.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा सल्ल्याच्या रूपात येते. "सकारात्मक राहा, मनानं खंबीर असशील तर आजार पळून जाईल." ऐकायला गोड, पण त्याची दुसरी बाजू क्रूर आहे. आजार परतला तर दोष कोणाचा? खंबीर न राहिलेल्या बाईचाच. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या एक हजारांहून अधिक रुग्णांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांची मनःस्थिती चांगली होती की वाईट, यावरून ते किती जगतील हे ठरले नाही. मनाची काळजी घ्यायची ती दिवस बरे जावेत म्हणून, आयुष्याची परीक्षा पास होण्यासाठी नव्हे. म्हणून रडणाऱ्या बाईला "रडू नकोस" म्हणण्याऐवजी तिच्याजवळ बसावे. अंबाबाईला नवस बोलायचा असेल तर बोलू द्यावा, श्रद्धा धीर देते. मात्र नवसासाठी किंवा कोणाच्या काढ्यासाठी केमोची तारीख चुकवू नये. भीती मनातून काढून टाकायची वस्तू नाही. तिच्यासाठी घरात थोडी जागा करावी लागते, म्हणजे ती सगळे घर व्यापत नाही.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो प्रामाणिक आहे. बाह्यरुग्ण विभागात शंभर जण रांगेत असताना प्रत्येकीशी अर्धा तास बोलायला वेळ कुठून आणायचा? डॉक्टरांवर सगळा भार टाकणे बरोबर नाही, म्हणूनच व्यवस्थेकडे मागणी करायला हवी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सामील असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड, आधार, मंजुरी यांची वाट तो दाखवतो. योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढली आहे, आणि पैशाची अनिश्चितता कमी झाली की मनावरचे निम्मे ओझे उतरते, हे कोणीही सांगेल. कागदांसाठी माणूस नेमता येतो, तर बोलण्यासाठी का नाही? सीपीआरमध्ये आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कर्करोग केंद्रात निदान झालेल्या बाईला एक प्रशिक्षित समुपदेशक मिळावा. तिला मराठीत लिहिलेले एक पान मिळावे. आजाराचे नाव, टप्पा, उपचार किती, पुढची तारीख, त्रास झाला तर फोन कुठे, एवढेच त्यावर असावे. पॅलिएटिव्ह केअरचे पथक शेवटच्या आठवड्यात नव्हे, पहिल्या महिन्यात भेटावे. गावात आशाताईंना या आजाराची लक्षणे आणि केमोनंतरची काळजी शिकवावी. रात्री मन फारच बेचैन झाले, तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, हेही त्या पानावर छापावे. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही. लागते ते हे मान्य करणे की समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

अंडाशयाच्या कर्करोगात उद्या काय होईल, हे आज कोणताच डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. तशी खात्री विकणाऱ्यांपासून लांबच राहावे. पण उद्या सकाळी कोणाला फोन करायचा, गुरुवारी काय कळणार, केमोच्या दिवशी बरोबर कोण येणार, हे आज ठरवता येते. अनिश्चिततेच्या काळात धीर यायचा तो अशाच लहान निश्चित गोष्टींतून, आणि त्या ठरवताना ती बाई खोलीत हवी, खोलीबाहेरच्या बाकड्यावर नको. पुढच्या वेळी रुग्णालयात जाताना फाईल पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवा. तिला इंग्रजी वाचता येत नसेल तर डॉक्टरांना म्हणा, "हिला मराठीत सांगा, आम्ही इथेच बसलोय." तिचा हात थरथरेल. तो धरायला आपण शेजारी असावे, एवढेच आपले काम.